तू दवाखान्यात गेली नाहीस

शालू,

परवा तुझी शोकसभा आहे आणि बोलायला माझं नाव घातलंय. तू कशी गेलीस ते मी सांगावं, असं सगळ्यांचं म्हणणं. यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. मी तर तुझ्या उशाशीच होते. पण तू गेल्यापासून इकडे तुझ्या मरणाची एक खोटी गोष्ट फिरतेय. ती खोडून काढायची की माझ्या तोंडानं पक्की करायची, हे मला ठरवायचंय आणि ठरत नाहीये. तू असतीस तर एका वाक्यात निकाल लावला असतास. मी चिडले असते, तू चहा टाकला असतास आणि आपण दुसऱ्याच कुठल्या विषयावर भांडायला लागलो असतो.

तुझ्या भाचीला विचारलं, तू बोलतेस का सभेत? मी मराठीत विचारलं. ती म्हणाली, ‘मौसी, आप ही बोलिए ना. बुआ को आपसे ज़्यादा कौन जानता है.’ पोरीला समजतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत येतं. म्हणजे अख्ख्या रायपुरात मला ‘काय वं’ म्हणणारं आता कुणी उरलं नाही. हे एवढंसं दुःख सांगायला लाज वाटते, पण सगळ्यात जास्त तेच टोचतं. म्हणून हे मराठीतच लिहितेय. सभेत बोलेन ते हिंदीतून असेल आणि ते तुझ्यासाठी नसेल.

मला एक खोड लागली आहे. कुणी निजलेलं दिसलं की माझी नजर त्याच्या पोटाकडे जाते. सदर बाजारात दुपारी गादीवर लवंडलेला सराफ, ऑटोत मान टाकून झोपलेला ड्रायव्हर, आमच्या गल्लीतलं कुत्रं. पोट वर आलं, खाली गेलं, की मी पुढे चालायला लागते. एखाद्याचं जरा थांबलं की मीही थांबते, भर रस्त्यात. परवा मागून स्कूटरवाला ओरडला, ‘माताजी, मरना है क्या?’ मला हसू आलं आणि ते कुणाला सांगायचं तेच कळेना.

ही खोड तुझीच देणगी. आठवतं ना? गावोगावच्या बाया आपण गोळा केल्या, वस्तीवस्तीतून, पाऱ्यापाऱ्यातून एकेक. साध्या दुखण्याला औषध द्यायचं आणि मोठं दुखणं ओळखून वेळेवर दवाखान्यात पोचवायचं, एवढंच शिकवायचं होतं. लेकराला न्यूमोनिया झालाय का हे कळायला त्याचा श्वास मोजावा लागतो, पूर्ण मिनिटभर, पोटावर नजर ठेवून. बायांना कंटाळा यायचा. अर्ध्यातच ‘हो गे दीदी’, झालं, म्हणायच्या. मग तू काय केलंस, सरळ वर्गातल्या टेबलावर आडवी झालीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, गिनो. राज्याच्या सल्लागार समितीतली मोठी डॉक्टर टेबलावर पसरलेली बघून बाया आधी लाजल्या, मग पोट धरून हसल्या. तू मुद्दाम भराभर श्वास घ्यायचीस, मग सावकाश, मग मध्येच रोखून धरायचीस. जिनं तेवढ्यात मोजणं सोडलं तिची काही खैर नसायची. ‘मिनट पूरा हुआ क्या? नहीं हुआ ना? तो देखो.’ मी कोपऱ्यात उभी राहून म्हणायचे, हे काय चाळे. पण त्या दिवशी शिकलेल्या बाया पुढे कधी अर्ध्यात थांबल्या नाहीत, हे मला मान्य करावं लागलं. तोंडावर मी तुला ते सांगितलं नव्हतं. डोक्यावर चढली असतीस.

तसं तर आपण मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून भांडतच आलो. तुझे वडील रेल्वेत, माझे सरकारी कचेरीत. तुझ्या घरी बुद्धवंदना, माझ्या घरी आरती, आणि दोन्ही घरी वडा-भात अगदी सारखा. तुझी आई म्हणायची, ‘या दोघी पोट्ट्या भांडल्याबिगर जेवत नाहीत.’ पुढे तू छातीच्या विकारांकडे गेलीस, मी लहान मुलांकडे. या कामासाठी समिती झाली तेव्हा दोघींनाही बोलावलं. समितीतले बाकीचे लोक लवकरच शहाणे झाले आणि आपण भांडायला लागलो की समोसे खाऊ लागले.

सगळ्यात मोठं भांडण त्या नाटुकल्यावरून झालं. गावात करायचं नाटक मी लिहिलं होतं. आजी म्हणते, थांबा, बैगाला बोलवू, झाडफूक करू. दवाखान्याला उशीर होतो आणि शेवटी बाळ दगावतं. तालमीला बाया रडल्या. मला वाटलं, जमलं. तू उठलीस आणि शेवटच कापून टाकलास.

‘भ्या दाखवल्याशिवाय माणूस हलत नाही,’ मी म्हणाले.

‘तू भ्या दाखवून राहिली, अन मले वाटते त्याइनं इचार कराले पाह्यजे. खोटं मढं दाखवून मले कोणाले शिकवायचं नाही, विजू.’

‘बाळं वाचतात ना पण त्यानं?’

‘आज वाचतील. उद्या त्याइले समजलं का आपण खोटं बोललो, मंग आपल्या कोणत्या गोष्टीवर इश्वास ठेवतील?’

मी आठवडाभर बोलले नाही तुझ्याशी. नाटक तुझ्याच शेवटानं झालं. बाळ दवाखान्यात जातं आणि बरं होऊन येतं. मला ते मिळमिळीत वाटलं होतं, अजूनही वाटतं.

मग तुझीच फुप्फुसं कडक व्हायला लागली. छातीच्या डॉक्टरला छातीचंच दुखणं. तू म्हणालीस, ‘देवानं निवडून देल्लं वं,’ आणि वर, ‘तुह्या देवानं, माह्या नाही.’ तू औषधं घेतलीस. जेव्हा जाऊन फायदा होता तेव्हा तू मुकाट्यानं भरती झालीस, घरी आलीस, पुन्हा गेलीस. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण ते आता कुणालाच आठवत नाही. मग एक दिवस तुझ्याच हाताखाली शिकलेल्या डॉक्टरनं तुला सांगितलं की यापुढे व्हेंटिलेटर, आणि त्यावरून उतरणं बहुधा नाही. तू त्याला म्हणालीस, बेटा, बरोबर सांगितलंस. आणि घरी आलीस ती आलीसच.

मी किती भांडले. मी म्हणाले, एक टक्का असेल तरी जायचं. मी म्हणाले, ज्या बाईनं हजारो बायांना ‘घरी बसू नका, पोचवा’ म्हणून घोकवलं, तीच घरी बसली तर लोक काय शिकतील? तू ऑक्सिजनची नळी नाकावर नीट केलीस आणि मला म्हणालीस, ‘लेकराले पोचवा म्हटलं होतं मी. मी लेकरू हाओ काय?’

तुला बायांच्या शिकवणीत आणखी एक प्रकरण घालायचंच होतं. ज्याला आता दवाखाना काही देऊ शकत नाही त्याची घरी सोबत कशी करायची, कूस कशी बदलायची, तोंड कसं ओलं ठेवायचं, दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या कशा द्यायच्या. समितीत मी दोनदा आडवी आले. म्हणाले, आधी लोकांना दवाखान्यात जायची सवय लागू दे, आत्ताच ‘घरी राहिलं तरी चालतं’ सांगितलं तर सगळाच घोळ होईल. अजूनही मला माझंच बरोबर वाटतं. पण तू ते प्रकरण काही सोडलं नव्हतंस. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणालीस, ‘सांगजो सगळ्याइले. मी माह्या मर्जीनं घरी राहिली. लपवजो नोको.’ दोन शब्द झाले की दम लागायचा. मी ‘बरं, बरं’ म्हटलं. तुला गप्प करण्यासाठी म्हटलं की खरंच, ते तेव्हा माझं मलाच माहीत नव्हतं.

फुलमत रोज येत होती. शहराच्या कडेच्या पाऱ्यातली आपली अगदी सुरुवातीची बाई, आता स्वतःच दुसऱ्यांना शिकवते. यायची, पायाशी बसायची, जायची. त्या दिवशी सकाळीही होती. उन्हं खिडकीतून तुझ्या पांघरुणावर आली होती. तुझा श्वास गेला तो मला लगेच कळला. इतकी वर्षं डॉक्टरी केली, ते कळायला काय लागतं? मी तुझ्या डोळ्यांवर हात ठेवायला वाकले आणि फुलमतनं माझं मनगट धरलं. तिची नजर तुझ्या पोटावर होती.

‘पूरा मिनट होवन दे, दीदी.’

तिला वाटलं तू श्वास रोखून धरलायस. तुझ्याच हाताखाली शिकलेली ती, अर्ध्यात कशी थांबेल? आणि शालू, मला सांगवत नाही, तिनं म्हटलं म्हणून मलाही वाटलं. मी, एवढी शिकलेली, हात तसाच अधांतरी ठेवून बघत राहिले, की आता उठशील आणि दोघींना झापशील. मिनिट संपलं. फुलमतनं माझं मनगट सोडलं आणि मगच रडली. मी अजून त्या मिनिटातच उभी आहे असं वाटतं. गल्लीत कुत्र्यापाशी थांबते ती म्हणूनच.

आता ती खोटी गोष्ट. तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी फुलमतच्या पाऱ्यात एक लेकरू आजारी पडलं. पोटाचा भाता झालेला नुसता. फुलमतनं श्वास मोजला, म्हणाली, उचला, चला. आजी अडून बसली: ‘बड़े डॉक्टर दीदी घलो अस्पताल नइ गिस, घरेच म रहिस. त हमन काबर जाबो?’ मोठी डॉक्टर दीदीसुद्धा गेली नाही, घरीच राहिली, मग आम्ही कशाला जायचं?

मी तुला हेच सांगत होते ना? हेच, याच शब्दांत. ऐकलं तेव्हा मला आधी तुझा राग आला आणि मग, इतका राग मेलेल्या माणसाचा कसा करायचा ते न कळून, मी रडले.

फुलमतनं आजीला काय सांगितलं? म्हणाली, ‘दीदी ह आखिर म कहे रहिस, ले चलो. हमीच मन देरी कर देन.’ दीदी शेवटी ‘न्या’ म्हणाली होती, आम्हीच उशीर केला. आजी उठली. लेकरू दवाखान्यात पोचलं, वाचलं. मग ही गोष्ट दुसऱ्या बाईनं तिच्या पाऱ्यात सांगितली, तिसरीनं तिच्या. फार चालते म्हणे. तू हात जोडतेस, पश्चात्ताप करतेस, एका ठिकाणी तर गाडी बोलावता बोलावताच प्राण सोडतेस. मी फुलमतला बोलावून घेतलं, म्हणाले, अगं, तू तिथे होतीस, तुला माहीत आहे. तिनं मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, ‘लइका त बाँच गे न, दीदी?’

लेकरू तर वाचलं ना? हे तर माझंच वाक्य.

*

सभा झाली. पंडरीच्या बाजूच्या त्या मोठ्या सभागृहात, जागा पुरली नाही इतक्या बाया आल्या होत्या. तुझा फोटो चुकीचा लावला होता, तो पुरस्काराचा, ज्यात तू कुणाचंतरी बारसं जेवायला आल्यासारखी दिसतेस. मोठे अधिकारी बोलले, तू ‘प्रेरणास्रोत’ वगैरे होतीस. मग मी उभी राहिले. मी खरं सांगायचं ठरवून गेले होते, देवाशप्पथ. पण पहिल्याच रांगेत फुलमत होती, तिच्या शेजारी ती आजी, आणि आजीच्या मांडीवर ते लेकरू. चांगलं गुटगुटीत, बुंदीचा लाडू चोखत होतं.

मी म्हणाले, ‘दीदी ने आख़िर में कहा था, ले चलो. देर हमसे हुई.’

सगळं सभागृह एकदम म्हणालं, ‘हव.’ आजीनं डोळे पुसले. फुलमतनं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. मी खाली बसले. आयुष्यभर चाललेलं भांडण मी जिंकले होते, आणि तेही तू उत्तर द्यायला नसताना. भूत मागे लागतं म्हणतात. तू मागे लागली असतीस तर बरं झालं असतं. तू आलीच नाहीस.

बाहेर चपला शोधत होते तेव्हा एक माणूस समोर आला. पन्नाशीचा, गळ्यात गमछा. फुलमतच्याच पाऱ्यातला. त्याच्या आईला पोटाचा कॅन्सर. मोठ्या दवाखान्यानं घरी पाठवलंय, आता करण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलंय. म्हातारी म्हणते, मला इथेच राहू दे, पुन्हा हलवू नका. तो हात जोडून म्हणाला, ‘बड़े दीदी घलो पछताइस, तुमन अभी कहेव. त मोर दाई ला फेर ले जाँव का, दीदी? गाड़ी के जुगाड़ कर ले हंव.’ मोठी दीदीही पस्तावली म्हणता, मग आईला पुन्हा नेऊ का, गाडीसुद्धा ठरवलीय.

शालू, खोटं बोलून अजून माझ्या चपलासुद्धा पायात घालून झाल्या नव्हत्या.

मी म्हणाले, आधी बघू. फुलमतला ऑटोत घातलं आणि तिघं गेलो. घरापुढे खरंच गाडी उभी होती, आत गादी अंथरलेली. म्हातारी ओसरीत खाटेवर होती, हाडांचा सापळा, पण डोळे जागे. मला बघून तिनं खाटेची दोरी घट्ट धरली. ‘मोला झन ले जावव,’ मला नेऊ नका, म्हणाली. मी तिला तपासलं. कागद पाहिले. तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते बरोबरच होतं. गाडीत घालून नेलं असतं तर बहुधा वाटेतल्या कुठल्यातरी चौकात गेली असती.

मी तिच्या मुलाला म्हणाले, ‘भैया, गाड़ी वापस भेज दो. बड़ी दीदी अस्पताल नहीं गई थीं. ले चलो, ऐसा भी नहीं कहा था. मैंने सभा में झूठ बोला. वो अपनी मर्ज़ी से घर पर रहीं.’

तो बाहेर जाऊन गाडीवाल्याशी बोलू लागला. फुलमतनं मला कोपरापाशी धरून अंगणात ओढलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्यावर तापली. ‘अब पारा म मैं का कहूं? काली कोनो लइका ला घर म राख लिही, त?’ उद्या कुणी लेकरू घरीच ठेवून घेतलं, तर?

मी म्हणाले, पुढच्या शिबिरात सगळ्यांसमोर उभी राहून मी सांगणार आहे, की खोटं बोलले. लेकरासाठी वेगळं आणि हिच्यासाठी वेगळं, हे दोन्ही शिकवायला लागेल, ते प्रकरण मी समितीत पुन्हा मांडीन.

‘अउ तब तक कोनो लइका मर गे, त?’

याचं उत्तर तुझ्याकडे तरी होतं का, शालू? तू म्हणाली असतीस, लोकांना विचार करू दे. पण त्या वेळात एखादं लेकरू गेलं, तर त्याच्या आईला काय सांगायचं, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. मी विचारलं की तू चहा टाकायचीस. मी तरीही सांगणार आहे. फुलमतला ते पटलेलं नाही आणि तिचं चुकतं असं मी म्हणू शकत नाही.

आतून म्हातारीनं हाक मारली. तिनं सगळं ऐकलं होतं. मी खाटेजवळ गेले तशी तिनं विचारलं, ‘ओ दीदी संग घर म कोन रहिस?’

मी म्हणाले, मी होते. मी आणि फुलमत.

‘डराइस का?’

मला खोटं सांगता आलं असतं. मी म्हणाले, हो, थोडी घाबरली होती. मग नाही.

म्हातारीनं दोरी सोडली आणि खाटेच्या कडेवर हात ठेवला. ‘त मोरो तीर थोकुन बइठ,’ म्हणाली, मग माझ्यापाशीही जरा बस.

मी बसले.